.२२ रायफल ५० मीटरसाठी तयार करताना: आधी शरीर, मग साईट, गोळी सगळ्यात शेवटी

एअर रायफलवरून ५० मीटरला आलेल्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: "सर, गोळी कुठली घेऊ?" मग कुणीतरी चार-पाच कंपन्यांचे डबे जमवतं, प्रत्येकाचे पाच-पाच राऊंड मारतं, ज्याचा ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) सगळ्यात छोटा येतो त्याचे दहा डबे घेऊन टाकतं. दोन महिन्यांनी तोच मुलगा नऊ आणि आठ मारत बसतो आणि रायफल बदलायची भाषा सुरू होते. रायफल बहुतेक वेळा ठीक असते, गोळीही ठीक असते. क्रम चुकलेला असतो. बट प्लेट (रायफलच्या मागच्या टोकाची, खांद्याला टेकणारी पट्टी) खांद्यात नीट बसलेली नसताना केलेली गोळीची चाचणी ही गोळीची चाचणी नसतेच, ती खांद्याची चाचणी असते.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. उदाहरणं प्रोनची (पोटावर झोपून मारण्याची) आहेत, कारण रायफल समजून घ्यायला प्रोन सगळ्यात सोयीचं.

## सुरू करण्याआधी: आपलं काम कुठपर्यंत

इंटरनेटवर परदेशी लोक घरी काडतुसं भरताना दिसतात. ते सेंटरफायर (तळाच्या मध्यावर पेटणाऱ्या) काडतुसांचं. आपल्या .२२ लाँग रायफलमध्ये ठिणगी पाडणारं मिश्रण काडतुसाच्या तळाच्या कडेत असतं. फायरिंग पिन ती कडा चेपते, आणि चेपलेली कडा पुन्हा कामाची राहत नाही. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं, शस्त्रात फेरफार करणं किंवा त्याची दुरुस्ती करणं गुन्हा आहे. बॅरल (नळी) बदलणं, चेंबर (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) कापणं, ट्रिगरच्या आतल्या भागाला हात लावणं ही कामं परवानाधारक गनस्मिथचीच.

आपल्या हातात उरतं ते स्टॉक (रायफल धरायचा सांगाडा) शरीराला जुळवणं, साईट (नेम धरायचं साधन), स्वच्छता आणि गोळीचा योग्य लॉट (कारखान्यात एकाच वेळी बनलेली खेप) शोधणं. बहुतेक नेमबाजांचे हरवलेले गुण याच चार गोष्टींत असतात.

सामान फार लागत नाही. अ‍ॅलन कीचा संच, टॉर्क रेंच, व्हर्निअर कॅलिपर, पांढऱ्या शाईचा बारीक मार्कर, कागदी टार्गेटं, एक वही आणि बाजूला बसून बघणारा माणूस. यातला शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा.

थांबा: स्क्रूला हात लावण्याआधी बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याचं दाखवणारी पट्टी) आत घाला. "मी आत्ताच बघितलं होतं" हे कारण रेंजवर चालत नाही.

## टप्पा १: रायफल घट्ट आहे का?

नळी-बोल्टचा धातूचा भाग, म्हणजे अॅक्शन, स्टॉकमध्ये धरून ठेवणारे अ‍ॅक्शन स्क्रू हाताने "बऱ्यापैकी" घट्ट करून उपयोग नाही. दोन्ही स्क्रू रायफलच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या आकड्याला टॉर्क रेंचने बसवा. अनेक मॅच रायफलींत हा आकडा ५ न्यूटन मीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या रायफलचा जो असेल तोच धरा. नंतर स्क्रू आणि स्टॉक दोन्हींवर येईल अशी बारीक पांढरी रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला.

बैठक तपासायची एक सोपी पद्धत आहे. रायफल उभी धरा, बॅरल आणि स्टॉकच्या पुढच्या टोकाच्या फटीवर बोट टेकवा आणि दुसऱ्या कुणाला पुढचा स्क्रू हळूच सैल करायला सांगा. बोटाखाली बॅरल उसळल्यासारखं जाणवलं, तर अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये ताणात बसलं आहे. ते काम गनस्मिथचं.

यानंतर बाकीचे स्क्रू: फ्रंट साईट टनेल (पुढच्या साईटची नळी), डायोप्टरचा (मागच्या, बारीक छिद्राच्या साईटचा) पाया, हँड स्टॉप (पुढचा हात अडवणारा ठोकळा), बट प्लेटच्या दांड्या, चीक पीसचे (गाल टेकायच्या भागाचे) खांब. एका जिल्हा स्पर्धेआधी माझ्या एका विद्यार्थिनीचे शॉट वर-खाली रांगेत पडत होते. तिने तीन प्रकारची गोळी बदलून पाहिली. मी रायफल हातात घेतली आणि मागचा अ‍ॅक्शन स्क्रू तपासला, तो अर्धा फेरा सैल होता. तीन डबे वाया गेले. आधी मीच तपासायला हवं होतं, ही चूक माझी.

## टप्पा २: बट, हात, गाल, याच क्रमाने

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लोक चीक पीसपासून सुरुवात करतात, कारण डोळ्यांना तीच अडचण आधी दिसते. पण बट प्लेट हलली की डोकं हलतं, आणि गालाचं केलेलं सगळं काम पुन्हा करावं लागतं.

२.१ रायफलशिवाय झोपा. उजव्या हाताचा नेमबाज असाल तर शरीर नेमाच्या रेषेच्या डावीकडे थोडं तिरकं, उजवा गुडघा जरा वर ओढलेला, म्हणजे पोट जमिनीवर दाबलं जात नाही आणि श्वास मोकळा राहतो. दोन मिनिटं तसेच पडून राहा. कंबर किंवा मान दुखली तर आत्ताच बदला, नंतर रायफलने ते सुधारत नाही.

२.२ बट प्लेट. रायफल खांद्यात घ्या, पण गाल टेकवू नका. मान सरळ आणि सैल. प्लेट खांद्याच्या खळगीत पूर्ण बसली पाहिजे, नुसतं वरचं किंवा खालचं टोक नाही. प्लेट स्टॉकवर वर सरकवली की नळीचं तोंड वर जातं, खाली सरकवली की खाली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२.३ हँड स्टॉप आणि स्लिंग (दंडाला बांधायचा पट्टा). रायफलचं सगळं वजन स्लिंगने उचललं पाहिजे, डाव्या हाताच्या बोटांनी नाही. बोटं उघडून बघा. रायफल तशीच राहिली तर बरोबर. साईटमध्ये नाडीचा ठोका दिसत असेल तर स्लिंगचा पट्टा दंडावर वर किंवा जरा बाहेरच्या बाजूला घ्या. आणि पुढच्या हाताचा कोन मोजून घ्या: नियमाप्रमाणे तो आडव्या रेषेशी ३० अंशांपेक्षा कमी चालत नाही. सरावात २७ अंशांवर दहा मारणारा मुलगा स्पर्धेत ज्यूरीसमोर पोझिशन बदलतो आणि सगळं हातातून जातं.

२.४ लांबी. उजवा हात ग्रिपवर असताना ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर सरळ मागे आलं पाहिजे. त्यासाठी मनगट वळवावं लागत असेल तर लांबी चुकली आहे.

२.५ गाल, आता. डोळे मिटा. डोकं जड होऊ द्या आणि गाल चीक पीसवर सोडून द्या. दहा सेकंदांनी डोळे उघडा. डायोप्टरच्या गोल छिद्राच्या बरोबर मधोमध फ्रंट साईट दिसली पाहिजे. दिसली नाही तर मान हलवायची नाही, चीक पीस हलवायचा. एका वेळी दोन मिलिमीटर, त्याहून जास्त नाही.

तपासणी: नेम धरा, डोळे मिटा, दोन शांत श्वास घ्या, डोळे उघडा. नेम आडवा सरकला असेल तर डाव्या कोपराभोवती अख्खं शरीर फिरवा. उभा सरकला असेल तर हँड स्टॉप थोडा पुढे घेतल्यावर नेम खाली येतो, मागे घेतल्यावर वर जातो. बट प्लेटनेही तेच करता येतं. हाताने रायफल ढकलून नेम मध्यावर आणणं ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण ट्रिगर सुटताच हात आपल्या जागी परत जातो.

सगळ्या मापांचा फोटो काढा आणि पांढऱ्या मार्करने खुणा करा. एक आठवडा रोज २० मिनिटं गोळीशिवाय याच पोझिशनमध्ये झोपा. आपल्यासारख्या रिमफायर (काडतुसाच्या कडेवर पेटणाऱ्या) रायफलमध्ये रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढायचा की नाही हे माहितीपुस्तिकेत बघा. काही रायफलींत पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते आणि तिथे खाच पडते.

## टप्पा ३: साईट

फ्रंट साईटची रिंग फार बारीक निवडण्याकडे सगळ्यांचा कल असतो. बारीक रिंग अचूक वाटते, पण डोळा थकतो आणि मेंदू काळ्या वर्तुळाचा मध्य शोधायच्या ऐवजी रिंगच्या कडेशी भांडत बसतो. ५० मीटरच्या टार्गेटचा काळा भाग ११२.४ मिलिमीटरचा. डोळ्यापासून मीटरभर अंतरावरच्या फ्रंट साईटपाशी तो जेमतेम सव्वादोन मिलिमीटरचा दिसतो. भोवती स्पष्ट पांढरं कडं राहायला हवं. ३.६ ते ४.२ मिलिमीटरच्या दरम्यान सुरुवात करा, ढगाळ दिवशी जरा मोठी.

आता क्लिक, म्हणजे साईट सरकवणारं गोल बटण (टॉवर) फिरवताना पडणारी एक-एक पायरी. टॉवर कोणत्या बाजूला फिरवल्यावर शॉट कुठे जातो याचा अंदाज बांधू नका, कारण वेगवेगळ्या देशांच्या साईटवर खुणांचा अर्थ उलटा असतो. पाच शॉट मारा, एका दिशेला दहा क्लिक फिरवा, पुन्हा पाच मारा. दोन ग्रुपच्या मध्यांतलं अंतर कॅलिपरने मोजा आणि दहाने भागा. "माझ्या साईटचा एक क्लिक = इतके मिलिमीटर" हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत. आडव्या आणि उभ्या, दोन्ही टॉवरसाठी.

## टप्पा ४: बॅरल, आणि राऊंड नीट बसवणं

रॉड नेहमी चेंबरच्या बाजूने, बोअर गाइड (रॉड नळीच्या मधोमध ठेवणारी नळी) लावून. नळीच्या तोंडाच्या कडेला रॉड घासला तर ती झीज भरून येत नाही. चेंबरच्या पुढच्या टोकाला कडक काळं कडं साचतं, तिथे जास्त लक्ष द्या. पूर्ण स्वच्छ केलेली नळी पहिले १५-२० शॉट विश्वासाची नसते, ते शॉट मोजू नका.

एक राऊंड हातात घेऊन जवळून बघा. शिशाच्या करड्या पृष्ठभागावर मेणासारख्या वंगणाचा पातळ थर असतो, बोटाला किंचित चिकट. मॅटवर सांडलेला राऊंड उचलून तसाच आत घालणारे खूप आहेत. त्या वंगणाला वाळूचा कण चिकटतो आणि तो कण थेट नळीत जातो. सांडलेला राऊंड बाजूला ठेवा.

राऊंड ट्रेवर सरळ ठेवा आणि बोल्ट एकाच शांत गतीने पुढे घ्या. शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला जो सौम्य अडथळा जाणवतो, तिथे शिसं नळीच्या खाचांना टेकतं. कधीतरी न मारलेला राऊंड बाहेर काढून बघा: टोकाभोवती बारीक, समान खुणा दिसल्या पाहिजेत. एकाच बाजूला ओरखडा असेल तर तुम्ही तो तिरका ढकलता आहात.

थांबा: न मारलेला राऊंड काढताना कधी कधी शिसं नळीतच राहतं आणि नुसतं काडतूस बाहेर येतं. काढल्यावर राऊंड पूर्ण आहे का ते बघा. ट्रिगर ओढून आवाज झाला नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. आवाज विचित्र दबका आला तर पुढचा राऊंड अजिबात घालू नका, नळी मोकळी आहे हे आधी बघा.

## टप्पा ५: लॉटची चाचणी

आता कुठे गोळी. आणि इथे लक्षात ठेवायची पहिली गोष्ट: कंपनीचं नाव दुय्यम, लॉट मुख्य. एकाच कंपनीच्या सगळ्यात महाग गोळीचे दोन लॉट तुमच्या बॅरलमध्ये पूर्ण वेगळे वागू शकतात, आणि मित्राच्या रायफलला आवडलेला लॉट तुमच्या रायफलला आवडेलच असं नाही.

किती शॉट? पाच शॉटचा ग्रुप फसवतो. चांगल्या लॉटचा एक वाईट ग्रुप आणि वाईट लॉटचा एक सुंदर ग्रुप, दोन्ही रोज घडतं. प्रत्येक लॉटचे किमान चार ग्रुप, प्रत्येकी दहा शॉट.

कशावरून? बॅरल किंवा अ‍ॅक्शन क्लॅम्पमध्ये पकडता येत असेल तर उत्तम, म्हणजे तुमचं शरीर मधून जातं. क्लॅम्प नसेल तर पुढे-मागे आधार देऊन, पूर्ण शांत हवेत. आपल्याकडे ते म्हणजे बहुतेक सकाळी सहा ते आठ. पुण्याची बालेवाडी रेंज असो की कोल्हापूरची दुधाळी, दुपारी केलेली चाचणी वाऱ्याचीच असते.

कोणत्या क्रमाने? तीन लॉट असतील तर क-ख-ग, मग ग-ख-क, मग पुन्हा पहिल्यापासून. सगळे क आधी आणि सगळे ग शेवटी मारले तर नळीचं तापमान, तुमचा थकवा आणि वाढता वारा यांचा दोष बिचाऱ्या ग वर येतो. लॉट बदलताना प्रत्येक वेळी १०-१५ राऊंड न मोजता मारा, विशेषतः कंपनी बदलत असेल तर. आधीच्या वंगणाचा थर जायला वेळ लागतो.

कसं मोजायचं? ग्रुपच्या सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर कॅलिपरने घ्या. हा आकडा कशाशी ताडायचा? दहाच्या रिंगचा व्यास १०.४ मिलिमीटर. गोळी ५.६ मिलिमीटरची, आणि तिची कड रिंगला टेकली तरी दहा मिळतो. म्हणून १०.४ अधिक दोन वेळा ५.६, म्हणजे २१.६ मिलिमीटरच्या वर्तुळात बाहेरून बाहेर सगळी भोकं मावली, तर तो लॉट प्रत्येक शॉट दहात ठेवू शकतो. पण तेव्हाही तुमच्या थरथरीला जागा शून्य. म्हणून मी १७-१८च्या आतले लॉटच पुढे विचारात घेतो.

चार ग्रुपपैकी सगळ्यात वाईट ग्रुप बघा. स्पर्धेत ६० शॉटमध्ये तोच तुम्हाला भेटणार आहे.

आकारही बघा. गोल ग्रुप चांगला. उभी रेघ दिसली तर गोळीच्या वेगात फरक आहे. ५० मीटरला वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला की उभा फरक साधारण साडेसात मिलिमीटर, म्हणजे जवळपास अख्खी एक रिंग. आडवी रेघ दिसली तर आधी वारा आणि क्लॅम्प तपासा.

चूक जी सगळे करतात: चाचणीला दोन डबे घेतले, लॉट आवडला, महिन्याने खरेदीला गेले आणि त्याच नावाची पण दुसऱ्या लॉटची गोळी घेऊन आले. लॉट नंबरचा फोटो काढा, आवडला त्याच आठवड्यात हंगामभराची सोय करा आणि डब्यावरचा नंबर स्वतः ताडून घ्या. आपल्याकडे मॅच दर्जाची गोळी बहुतेक आयात होते आणि ती वेळेवर मिळणं कुणाच्याच हातात नसतं. पूर्ण हंगाम पुरेल इतकं एकाच लॉटचं मिळत नसेल, तर उत्तम लॉट स्पर्धांसाठी राखा आणि सरावाला दुसरा वापरा. मात्र स्पर्धेआधीच्या दोन आठवड्यांत स्पर्धेचाच लॉट मारा.

बॅरल बदलायचा विचार मनात असेल तर तो आत्ता करा, याआधी नाही. सहा-सात चांगल्या लॉटपैकी एकही २१.६च्या आत येत नसेल, स्क्रू घट्ट असतील आणि चेंबर स्वच्छ असेल, तरच बॅरलवर संशय घ्या.

## टप्पा ६: झिरो

झिरो म्हणजे नेम जिथे, ग्रुपचा मध्य तिथे येईल अशी साईट लावणं. निवडलेल्या लॉटवर, स्वतःच्या पोझिशनमधून, शांत हवेत. दहा शॉट मारा, ग्रुपचा मध्य शोधा, तिथून क्लिक मोजा. एका शॉटवर क्लिक फिरवू नका. शॉट नऊला गेला, दोन क्लिक. पुढचा दुसऱ्या बाजूला, दोन क्लिक परत. असं करत राहिलात तर साइटर (स्पर्धेआधीचे, गुण न मोजले जाणारे शॉट) संपतात आणि झिरो कुठे होता हे कुणालाच माहीत नसतं.

झिरो पक्का झाला की दोन्ही टॉवरचे आकडे वहीत लिहा, सोबत तारीख, वेळ, तापमान आणि लॉट. पुण्यात डिसेंबरच्या सकाळचा झिरो आणि एप्रिलच्या दुपारचा झिरो उंचीत वेगळा निघतो. डबे उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवले तर त्याच दिवसातही निघतो. गोळी सावलीत ठेवा.

## टप्पा ७: वारा

सेकंदाला एक मीटरचा सरळ आडवा वारा .२२ गोळीला ५० मीटरवर साधारण ५ मिलिमीटर ढकलतो. मध्यावर मारलेला शॉट दहातून बाहेर पडायला ८ मिलिमीटर पुरतात. म्हणजे गालाला जेमतेम जाणवणारा वारा फिरला की दहाचा नऊ होतो.

आपल्या बहुतेक नळ्यांच्या आतल्या खाचांचा पीळ उजवा असतो, त्यामुळे शॉट नुसता आडवा जात नाही. उजवीकडून वारा आला तर शॉट डावीकडे आणि किंचित वर, घड्याळातल्या १०च्या दिशेला. डावीकडून आला तर उजवीकडे आणि खाली, ४च्या दिशेला. कागदावर १० ते ४ अशी तिरकी रांग दिसली की ट्रिगरला दोष देऊ नका, झेंडे बघा.

साइटरच्या वेळात रेंजवर सगळ्यात जास्त वेळ टिकणारा वारा कोणता ते शोधा आणि झिरो त्या वाऱ्यात लावा. मग तो वारा असेल तेव्हाच मारा. तो गेला तर रायफल खांद्यावरून उतरवा, श्वास घ्या, थांबा. ६० शॉटला ५० मिनिटं असतात, त्यातली दहा थांबायला वापरली तरी चालतात. वारा कायमचा फिरला असं दिसलं तरच क्लिक करा, आणि किती केले ते मनात नाही, वहीत.

पावसाळ्यात सराव संपल्यावर, विशेषतः मुंबई-कोकणच्या हवेत, रायफल लगेच बंद पेटीत ठेवू नका. बाहेरून पुसा, नळीतून तेलाचा पातळ पॅच (कापडाचा तुकडा) एकदा फिरवा आणि घरी पोचल्यावर पेटी उघडी ठेवा. दुसऱ्या दिवशी पहिल्या राऊंडआधी कोरडा पॅच घालून ते तेल काढायला विसरू नका. तेल असलेल्या नळीतून पहिले शॉट भलतीकडे जातात आणि नेमबाज झिरो हलला समजून क्लिक फिरवायला लागतो.